विश्लेषण : शॉर्टवेव्ह रेडिओ नव्या माध्यमांपुढे टिकेल का? इंटरनेट बंद झाल्यावर चाकण पट्ट्यात काय उरते?

९ ऑगस्ट २०१८. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी महाराष्ट्र बंद पुकारण्यात आला होता. त्याच्या दहा दिवस आधी, ३० जुलैला चाकणमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागून बसगाड्या पेटल्या होत्या. खबरदारी म्हणून प्रशासनाने पुणे जिल्ह्यातील सात तालुक्यांत इंटरनेट सेवा बंद केली. त्यात खेड तालुका होता, म्हणजेच चाकण, म्हाळुंगे, कुरुळी आणि निघोजेही होते. देशातील मोठ्या मोटार उद्योगांपैकी काही जिथे आहेत, त्या पट्ट्यातील हजारो कामगारांच्या हातातील फोन त्या दिवशी फक्त बोलण्यापुरते उरले. रस्ता सुरू आहे का, कंपनीची बस येणार का, पाळी लागणार की सुटी, हे कळण्याचे नेहमीचे मार्ग आटले आणि अफवांना मोकळे रान मिळाले.

अशा दिवशी उपयोगी पडणारे यंत्र एकेकाळी घरोघरी फळीवर असे. दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. त्यातला शॉर्टवेव्हचा, म्हणजे लघुलहरींचा पट्टा तर कोणत्याही सरकारच्या सीमा न मानणारा. आज तो पट्टा जवळपास ओसाड पडला आहे. मोबाइल, स्वस्त डेटा, यूट्यूब आणि पॉडकास्टच्या काळात शॉर्टवेव्ह ऐकणारा उरेल का, हा प्रश्न केवळ जुन्या आठवणींत रमणाऱ्यांचा आहे, असे वाटू शकते. प्रत्यक्षात तो बातमी आणि नागरिक यांच्यामध्ये किती दारे असावीत, याचा प्रश्न आहे.

शॉर्टवेव्हमध्ये असे वेगळे काय?

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यामुळे सिंहगडावरचा मनोरा दिसतो तिथवर एफएम, असा ढोबळ हिशेब करता येतो. मध्यम लहरी जमिनीला धरून काही शे किलोमीटरपर्यंत जातात. रात्री त्याहून बऱ्याच लांब. शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येच्या लहरी. त्या वर जाऊन वातावरणाच्या आयनांबर या विद्युतभारित थरावर आदळतात, वळतात आणि हजारो किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. तिथून पुन्हा वर उसळी मारतात. मधल्या टापूत काहीही ऐकू येत नाही आणि दूरच्या देशात मात्र स्वच्छ ऐकू येते, हा चमत्कार त्यामुळेच घडतो.

या प्रवासाचा वाहक सूर्य असल्याने त्याच्या लहरीप्रमाणे सगळे बदलते. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर कमी कंपनसंख्येच्या लहरी गिळून टाकतो, म्हणून दिवसा १९ किंवा १६ मीटरचे पट्टे चालतात. रात्री तो थर नाहीसा झाला की ४१ आणि ४९ मीटरचे पट्टे जागे होतात. सूर्यावरील डागांचे साधारण ११ वर्षांचे चक्र असते. डाग वाढले की वरचे पट्टे बहरतात. हल्लीचे चक्र शिखराच्या काळात पोहोचल्याचे अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे ऐकण्यासाठी आकाश गेल्या अनेक वर्षांत नव्हते इतके अनुकूल, आणि ऐकण्याजोगी केंद्रे मात्र कमी, अशी विचित्र वेळ आली आहे.

आवाज मध्येच बुडणे, पुन्हा वर येणे, पार्श्वभूमीला खरखर हे सगळे या प्रवासाचेच परिणाम. ज्यांनी काटा केसभर सरकवून स्टेशन ‘पकडले’ आहे, त्यांना हे सांगायला नको.

मराठी मुलखाचा याच्याशी संबंध किती जुना?

फार जुना, आणि तो केवळ गाण्यांचा नाही. ‘छोडो भारत’ आंदोलनात सगळे मोठे नेते तुरुंगात गेल्यावर २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर बोलत होते. पोलिसांचा माग चुकवण्यासाठी प्रक्षेपक एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला आणि हा आवाज थांबला. तीन महिन्यांहून कमी काळ चाललेले हे केंद्र आजही शाळेच्या पुस्तकांतून ठाऊक आहे, ते एवढ्यासाठी की वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असताना बातमी पोहोचवण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

दुसरी गोष्ट गोव्याची, आणि ती महाराष्ट्रात तुलनेने कमी सांगितली जाते. पोर्तुगीज राजवटीविरुद्ध वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक गुप्त केंद्र चालवले. सुरुवात आंबोलीच्या जंगलातून झाली, पुढे मुक्काम कॅसलरॉकला हलला. कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांत चालणारे हे प्रसारण शॉर्टवेव्हवरच होते. प्रक्षेपकाचे अंतर गोव्यापासून कमी असले तरी घाटाचे कडे ओलांडायचे होते. एफएमचा तिथे काही उपयोग झाला नसता. तब्बल सहा वर्षे हे दोघे जंगलात राहिले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने बांबोळीचे पोर्तुगीज वायरलेस केंद्र उद्ध्वस्त केले, आणि गोवा मुक्त झाल्याची घोषणा करायला लिबिया लोबो विमानातून ध्वनिवर्धक घेऊन फिरल्या. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

गाण्यांची कथा बहुतेकांना माहीत असते, पण त्यातील शॉर्टवेव्हचा भाग निसटतो. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांमुळे श्रोत्यांची अभिरुची बिघडते, असे या मराठी मंत्र्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली आणि श्रोता कोलंबोकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी उभारलेले शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती आयते आले होते. अमीन सयानी मुंबईत ‘बिनाका गीतमाला’ ध्वनिमुद्रित करत, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून सोलापूर, अकोला, जळगावच्या घरांत उतरे. मुंबईचा कार्यक्रम मुंबईला परदेशातून ऐकावा लागत होता! सरकारला शहाणपण यायला पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तीही सुरुवातीला मुंबई आणि मद्रास येथील शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरूनच. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे, नागपूर येथून तिची जाहिरात सेवा सुरू झाली आणि विविध भारती हळूहळू स्थानिक केंद्रांवर स्थिरावली.

बातम्यांसाठी मात्र शॉर्टवेव्हच. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर बंधने होती आणि आकाशवाणी सरकारच्या ताब्यात होती. देशात काय चालले आहे हे देशातल्याच लोकांना लंडनहून ऐकावे लागले, ही नामुष्की जुन्या पिढीच्या चांगली लक्षात आहे.

मग श्रोता आधी गेला की केंद्र?

दोन्ही एकमेकांना ढकलत गेले. बीबीसीची हिंदी सेवा ११ मे १९४० रोजी सुरू झाली होती. २०११ मध्ये तिचे शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवण्याचे ठरले. श्रोत्यांनी आणि मान्यवरांनी विरोध केल्यावर एक तासाचे प्रसारण वाचले. शेवटी ३१ जानेवारी २०२० रोजी तेही बंद झाले. व्हॉइस ऑफ अमेरिकाने हिंदी रेडिओ २००८ मध्येच थांबवला होता, जर्मनीच्या डॉइचे वेलेचे हिंदी रेडिओ प्रसारण २०११ मध्ये संपले. रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७ अखेर शॉर्टवेव्हला रामराम ठोकला. मराठीची बाब थोडी वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीवरून मराठीतही प्रसारण होत असे, ते पुढे बंद पडले. २ ऑक्टोबर २०१७ रोजी बीबीसी मराठी पुन्हा अवतरली ती थेट इंटरनेटवर. या नव्या अवताराने शॉर्टवेव्ह कधी पाहिलीच नाही.

आकाशवाणीनेही तेच केले. मुंबई केंद्राचे ६० मीटर पट्ट्यातील ४८४० किलोहर्ट्झचे प्रसारण दूरच्या श्रोत्यांना, विशेषतः छंद म्हणून परदेशी केंद्रे शोधणाऱ्यांना परिचित होते. अशी प्रादेशिक शॉर्टवेव्ह केंद्रे एकामागून एक शांत झाली. आता आकाशवाणीच्या शॉर्टवेव्हचा भर मुख्यतः दिल्ली आणि बेंगळूरुजवळच्या बड्या प्रक्षेपकांवरून शेजारी देशांसाठी होणाऱ्या प्रसारणावर आहे. म्हणजे शॉर्टवेव्ह परक्यांना ऐकवायला ठेवली, घरच्यांना नाही.

खर्च हे त्याचे एक कारण नक्कीच आहे. ५०० किलोवॉटचा प्रक्षेपक तासभर चालवायचा तर नुसती आकाशात फेकलेली ऊर्जाच ५०० युनिट होते. प्रत्यक्ष विजेचा वापर त्याहून बराच जास्त. सुटे भाग मिळत नाहीत, ते जाणणारे अभियंते निवृत्त होत आहेत आणि एरिअलच्या मनोऱ्यांखालची जमीन शहरांच्या कडेला सोन्याच्या भावाची झाली आहे. दुसरे कारण ५ सप्टेंबर २०१६ रोजी आले. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे भाव कोसळले. निघोजेच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा मराठवाड्यातला किंवा बिहारमधला कंत्राटी कामगार गावाकडची बातमी आता गावातल्याच माणसाने टाकलेल्या व्हिडीओत पाहतो. बीबीसी हिंदीच्या शॉर्टवेव्हचा मोठा श्रोतृवर्ग बिहार-उत्तर प्रदेशच्या खेड्यांत होता. ज्यांचे वडील रात्री ट्रान्झिस्टर कानाला लावत, तीच मुले आज या पट्ट्यात यंत्रांवर उभी आहेत. त्यांना खरखरीत आवाजाकडे परत या म्हणणे व्यर्थ आहे.

निघोजेत आज शॉर्टवेव्ह लावली तर काय ऐकू येईल?

आधी ऐकू येईल तो कारखान्यांचा आवाज. भोंग्याचा नव्हे, विजेचा. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह, वेल्डिंग यंत्रे हे सगळे कमी-अधिक प्रमाणात नेमक्या याच कंपनसंख्यांवर कचरा सोडतात. पूर्वी गावात रात्र झाली की आकाश स्वच्छ होई. चाकण पट्ट्यात तिसरी पाळीही चालते, त्यामुळे रेडिओच्या दृष्टीने तिथे रात्र होतच नाही. शॉर्टवेव्हला इंटरनेटने मारले असे सर्रास म्हटले जाते. शहरांत आणि औद्योगिक पट्ट्यांत निम्मे काम दहा रुपयांच्या चार्जरने केले आहे. यावर तोडगा सोपा पण गैरसोयीचा. रेडिओ सेलवर चालवायचा, घरापासून दूर इंद्रायणीच्या काठाकडे किंवा मोकळ्या रानात जायचे आणि पाच-सात मीटरची तार झाडाला बांधून एरिअलला जोडायची.

तसे केले तर संध्याकाळनंतर चीनचा आंतरराष्ट्रीय रेडिओ अनेक भाषांत आणि अनेक ठिकाणी जोरकस मिळतो. पाश्चात्त्य देशांनी सोडलेल्या जागा चीनने भरल्या. रेडिओ ऑस्ट्रेलिया गेल्यावर तिच्या काही कंपनसंख्यांवर चिनी प्रसारण ऐकू येऊ लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियात गहजब झाला होता. बीबीसीची इंग्रजी जागतिक सेवा दक्षिण आशियासाठी अजून मिळते. आणि मराठी? पुण्याशी जुने नाते असलेल्या ‘ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ’ या ख्रिस्ती प्रसारकाच्या शॉर्टवेव्ह वेळापत्रकात मराठीचा समावेश राहिला आहे. बातमी देणाऱ्या संस्था निघून गेल्या, धर्मप्रसार करणाऱ्या टिकल्या, असा हा जगभरचा कल आहे. एक वाट पाहतो उत्पन्नाची, दुसरा पाहत नाही, एवढाच फरक.

प्रसारणाखेरीज शॉर्टवेव्हवर बरेच काही चालू असते, ते वेगळेच. अरबी समुद्रावरून उडणारी विमाने किनाऱ्यापासून दूर गेली की मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी अजूनही याच लहरींवर बोलतात. नौदले त्या सोडायला तयार नाहीत. अमेरिकेत तर शेअर व्यवहार करणाऱ्या काही कंपन्या समुद्रातल्या केबलपेक्षा काही मिलिसेकंद आधी सौदा पोहोचावा म्हणून शॉर्टवेव्ह वापरतात. पैशाला आणि लष्कराला जे माध्यम जुनाट वाटत नाही, ते फक्त श्रोत्यासाठीच जुनाट कसे ठरते, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

रेडिओच्या भवितव्याशी निघोजेतील मोटारींचा काय संबंध?

घरातला रेडिओ गेला तरी गाडीतला राहिला. आजच्या रेडिओ श्रोत्यांचा मोठा भाग स्टिअरिंगमागे बसलेला आहे. त्यामुळे पुढच्या दशकात कोणता रेडिओ जगेल हे प्रक्षेपकांइतकेच गाडीच्या डॅशबोर्डवर ठरणार आहे, आणि ते डॅशबोर्ड चाकण पट्ट्यात जोडले जातात. महिंद्रचा प्रकल्प निघोजे गावच्या हद्दीत आहे. कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या विजेवरील एसयूव्ही चाकणमध्येच बनतात.

इथे एक तांत्रिक अडचण आहे. विजेच्या गाडीतला इन्व्हर्टर बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटर फिरवतो. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट मध्यम आणि लघुलहरींवरच पसरतो. एफएमला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. केबलना आवरण घालून, फिल्टर बसवून हा गोंगाट आवरता येतो, पण त्याला खर्च येतो. म्हणून जगातील अनेक कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून एएम रेडिओ काढूनच टाकला. फोर्डने २०२३ मध्ये आपल्या नव्या गाड्यांतून एएम काढण्याचे ठरवले तेव्हा अमेरिकेत खासदार खवळले. वादळ, पूर, आग यांची सूचना ग्रामीण भागाला एएमवरूनच मिळते, असा त्यांचा मुद्दा होता. मे २०२३ मध्ये प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करणारे विधेयक मांडले गेले आणि त्याच महिन्यात फोर्डने माघार घेतली.

भारतात अशी चर्चा संसदेत झाल्याचे ऐकिवात नाही. मोबाइल कंपन्यांनी फोनमधील एफएमची सोय बंद करू नये, अशी सूचना केंद्राने २०२३ मध्ये केली. पण गाड्यांत मध्यम लहरींचा रेडिओ असलाच पाहिजे का, यावर धोरण नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० पासून नव्या गाड्यांतील रेडिओला डिजिटल प्रसारण घेता आले पाहिजे, असा नियमच केला आहे.

डिजिटल रेडिओ शॉर्टवेव्हला वाचवेल का?

‘डिजिटल रेडिओ मोंडियाल’ अर्थात डीआरएम हे तंत्र मुळात त्यासाठीच आणले गेले. त्याच लहरींवर, कमी विजेत, खरखर नसलेला आवाज आणि जोडीला मजकूर. आकाशवाणीने मध्यम लहरींचे ३५ आणि शॉर्टवेव्हचे काही प्रक्षेपक या तंत्राचे केले. मारुती सुझुकी, ह्युंदाईसारख्या कंपन्यांच्या अनेक गाड्यांत हा रेडिओ बसलेलाही आहे. गंमत अशी की तो आपल्या गाडीत आहे हे बहुतेक मालकांना ठाऊकच नसते. विक्रेता सनरूफ दाखवतो, ‘डीआरएम’ असे लिहिलेले बटण दाखवत नाही. आकाशवाणीनेही त्याची जाहिरात मनापासून कधी केली नाही.

घरात वापरायचा डीआरएम संच महाग आणि दुर्मीळ. संच नाहीत म्हणून श्रोते नाहीत, श्रोते नाहीत म्हणून संच नाहीत. खेरीज डिजिटलचा एक स्वभावदोष आहे. साधी शॉर्टवेव्ह क्षीण झाली तरी खरखरीतून शब्द लागतात. डिजिटल संकेत एका मर्यादेखाली गेला की पूर्ण शांतता. संकटकाळात अर्धे वाक्य ऐकू येणे आणि काहीच ऐकू न येणे यांत मोठे अंतर आहे.

आता खासगी प्रसारकांसाठी डिजिटल रेडिओचे धोरण ठरते आहे. दूरसंचार नियामक ट्रायने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याविषयी मते मागवली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शिफारशी केल्या. सुरुवात १३ शहरांपासून व्हावी, असे त्यात आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर ही तिन्ही त्यात येतात. हा सगळा विचार एफएमच्या पट्ट्याचा, शहरी श्रोत्याचा आणि जाहिरातीचा आहे. लांब पल्ल्याच्या लहरींना त्यात स्थान नाही. शिवाय खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्याच पुन्हा लावता येतात. तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये केली होती. तोवर पुण्यातली खासगी केंद्रे वाहतूक कोंडी सांगतील, ती कशामुळे झाली हे सांगताना अडखळतील.

मग आणीबाणीच्या वेळी भरवसा कशावर?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांतील घटनांतच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झाले, तेव्हा बीबीसीने हिंदी, उर्दू आणि इंग्रजीचे शॉर्टवेव्ह प्रसारण वाढवले. बातमी पोहोचण्याची तेवढीच वाट उरली होती. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी हिंदी शॉर्टवेव्ह कायमची बंद करण्यात आली. काश्मीरमध्ये मोबाइलवर टू-जी सुरू होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, तेही ठरावीक संकेतस्थळांपुरते. रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घुसवल्यावर मार्च २०२२ मध्ये बीबीसीने तिथल्यासाठी दोन शॉर्टवेव्ह कंपनसंख्या दिवसाला चार तास सुरू केल्या. २०२३ मध्ये सुदानसाठी हेच करावे लागले. आग लागली की विहीर आठवते, असा हा प्रकार. पण विहीर बुजवलेली नसेल तरच आठवून उपयोग. ज्या देशांनी मनोरे पाडून जमिनी विकल्या, त्यांना ही सोय उरलेली नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शॉर्टवेव्हला दोर नसला तरी तिचा प्रक्षेपक कुणाच्या तरी ताब्यात असतो. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या एका आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिका दिवसभरात मुकी झाली. तिथे बंद करायला इंटरनेटचे जाळे लागले नाही, कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवणे पुरले. परदेशी केंद्र म्हणजे सत्य, असेही कधी नव्हते. शीतयुद्धात या लहरींवरून जितकी माहिती आली, तितकाच प्रचारही आला. जुना श्रोता त्यावर एक साधा उपाय करे : एकच बातमी दोन-तीन देशांकडून ऐकायची आणि मधले काय ते समजून घ्यायचे. हे व्हॉट्सॲपच्या एकाच गटावर विसंबणाऱ्या पिढीपेक्षा नक्कीच बरे होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर इंटरनेटबंदी हा अपवाद राहिलेला नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावानंतर ती झाली. अशा वेळी परदेशातून येणाऱ्या शॉर्टवेव्हपेक्षा जवळचा, मध्यम लहरींचा रेडिओ अधिक उपयोगाचा, हे मान्य करावे लागेल. कुरुळी फाट्यावर काय चालले आहे, हे लंडनला ठाऊक नसते. पुणे केंद्राची ओळख असलेले ७९२ किलोहर्ट्झचे प्रसारण आणि सकाळच्या प्रादेशिक बातम्या यांचे मोल इथे आहे. पण नेमके त्याच कोल्हापूरच्या महिन्यात, जून २०२३ मध्ये, पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला होता. ओरड झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. त्याआधी देशभर रात्री ऐकू येणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी, जी नागपूरच्या १००० किलोवॉटच्या मध्यम लहरी प्रक्षेपकावरून येत असे, २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली. शॉर्टवेव्हनंतर मध्यम लहरींची पाळी आली आहे, हे यातून दिसते.

सरकारची दिशा एफएमकडे आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रसारभारतीसाठी २५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. आकाशवाणी एफएम ६८ टक्क्यांऐवजी ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. भूभागाचा विचार केला तर हेच प्रमाण ५९ वरून ६६ टक्के होणार. म्हणजे सगळे पैसे खर्च झाल्यावरही देशाची एक तृतीयांश जमीन एफएमबाहेर राहणार. घाटमाथे, जंगले आणि समुद्र प्रामुख्याने त्यातच.

छंद म्हणून तरी शॉर्टवेव्ह जगेल?

बहुधा हो, आणि इंटरनेटच्याच मदतीने. दूरची केंद्रे शोधणे, कंपनसंख्या, वेळ आणि आवाजाची प्रत लिहून केंद्राला कळवणे, मग टपालाने सचित्र पोचपत्र मिळवणे हा ‘डीएक्सिंग’चा छंद महाराष्ट्रात अनेकांनी जोपासला. आता नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर ब्राउझरमध्ये उघडून पुण्यातून युरोपचे आकाश ऐकता येते. काही हजार रुपयांत मिळणारी, संगणकाला जोडायची डोंगल पूर्ण पट्टा पडद्यावर चित्रासारखा दाखवते. काटा फिरवणाऱ्याची जागा धबधब्यासारखा सरकणारा आलेख पाहणाऱ्याने घेतली आहे. हौशी रेडिओचा परवाना काढून स्वतः बोलणारे ‘हॅम’ तर आपत्तीच्या वेळी प्रशासनालाही लागतात. पण हे श्रोते नव्हेत, हे छांदिष्ट आहेत. ज्याला फक्त बातमी किंवा गाणे हवे होते, तो सामान्य श्रोता परत येणार नाही.

पुढे काय ठरायचे आहे?

खरा निर्णय श्रोत्याच्या हातात नाही. कोणते मनोरे विजेसकट राखून ठेवायचे, हे प्रसारभारतीने ठरवायचे आहे. रोज चालवले नाही तरी गरजेच्या दिवशी तासाभरात सुरू होतील, अशा अवस्थेत एखादा शॉर्टवेव्ह आणि दोन-तीन बडे मध्यम लहरी प्रक्षेपक राज्यासाठी ठेवणे अशक्य नाही. विजेच्या गाड्यांत एएम आणि डीआरएम रेडिओ असावा की नाही, हे केंद्राने ठरवायचे आहे, आणि ते गाड्यांची पुढची मॉडेले आखली जाण्याआधी ठरले तर कंपन्यांचाही खर्च वाचेल. इंटरनेट बंद करण्याचा आदेश काढताना, त्या काळात अधिकृत माहिती कोणत्या कंपनसंख्येवर किती वाजता मिळेल हे त्याच आदेशात लिहिण्याची सक्ती केली, तर त्याला एक रुपयाही लागत नाही. ९ ऑगस्ट २०१८ रोजी खेड तालुक्यात ऐकण्याजोगे केंद्र होते. ते कोणते आणि कुठे लावायचे, हे फोनशिवाय सांगणारे कुणी नव्हते.